होडी लहान म्हणून मासेमारीही लहान? (शार्क, मुशी, पाकट वगैरे)

सागरगोटा

"मोठी जहाजं समुद्र ओरबाडतात, लहान होडीवाला बिचारा पोटापुरतं मारतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय आणि स्वतःही फेकलंय, की ते कधी तपासून पाहावंसं वाटलंच नव्हतं. गेले काही महिने शार्क (आपल्याकडची मुशी) आणि पाकटांबद्दल (इंग्रजीत 'रे', चपटे मासे) वाचतोय आणि ते वाक्य आता घशात अडकायला लागलंय. म्हणून हा धागा.

एका जुन्या गोष्टीने सुरुवात करतो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर अकिल नावाचं बेट आहे, तिथे कीम नावाचा छोटा उपसागर. बास्किंग शार्क तिथे उन्हाळ्यात पृष्ठभागाजवळ तोंड वासून प्लवक गाळत फिरायचे. व्हेल शार्कनंतरचा जगातला सगळ्यात मोठा मासा, स्वभावाने गाय. किनाऱ्यापासून पाण्यात जाळं ताणून ठेवायचं, शार्क येऊन त्यात गुरफटला की दोघंतिघं माणसं 'करक'मध्ये बसून त्याच्याजवळ जायची. करक म्हणजे लाकडी सांगाड्यावर डांबर लावलेलं कॅनव्हास ताणलेली वल्ह्यांची होडी. मग डोक्यामागे हाताने भाला खुपसायचा. हे सगळं यकृतातल्या तेलासाठी.

इंजिनांचे ताफे नाहीत, सोनार नाही. तरीही १९४७ ते १९७५ या काळात त्या एका ठिकाणी १२,०००हून जास्त बास्किंग शार्क मारले गेले. बहुतेक पहिल्या काही वर्षांतच. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात वर्षाला हजाराच्या वर मिळायचे, नंतर आकडा घसरत गेला आणि शेवटी जाळं ताणण्यात अर्थ उरला नाही.

कॅनव्हासच्या होडीने हे होत असेल, तर 'लहान' या शब्दाचा नेमका अर्थ काय घ्यायचा? जाणकारांनी लिहावं. मी मासेमारीतला नाही, वाचक आहे.

खवचट

म्हणजे आता ट्रॉलरवाले सुटले आणि वल्हं मारणारा गुन्हेगार. छान.

खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७०पासून ७१ टक्क्यांनी घटली, असा अभ्यास २०२१मध्ये 'नेचर'मध्ये आलाय. ती घट कुणी केली? मैलोन्मैल लांबीच्या दोऱ्यांवर हजारो गळ लावणाऱ्या जहाजांनी. आधी तिकडे बोट दाखवा, मग करकवाल्यांकडे वळू.

सागरगोटा

@खवचट, ७१ टक्के मान्य. पण तो आकडा खुल्या समुद्रातल्या जातींचा आहे: ब्लू, माको, ओशनिक व्हाइटटिप हे शार्क, मांटा ही मोठी पाकटं वगैरे. बहुतेक जाती तिथे राहतच नाहीत. त्यातल्या कितीतरी किनाऱ्याजवळ, खाडीच्या तोंडाशी, प्रवाळांवर राहतात, आणि तिथे मोठं जहाज येतं कुठे? त्याला तेवढं पाणीच नसतं.

विदाप्रेमी

थोडी भर.

एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आणि तिच्या भागीदार संस्थांच्या २०२३च्या अहवालानुसार जगात पकडल्या जाणाऱ्या एकूण मासळीपैकी किमान ४० टक्के लहान मासेमारीतून येते आणि पकडीच्या मासेमारीतल्या रोजगारापैकी ९० टक्के तिथेच आहे. एकेक होडी लहान असेल, पण सगळ्या मिळून लहान नाहीत.

प्रवाळांपुरतं बोलायचं तर २०२०मध्ये ५८ देशांतल्या ३७१ प्रवाळभिंतींवर आमिष लावलेले कॅमेरे सोडून केलेल्या पाहणीचे निष्कर्ष आले. जवळजवळ २० टक्के भिंतींवर कॅमेऱ्यात एकही शार्क आला नाही. जवळ दाट लोकवस्ती, ढिला कारभार आणि गिलनेट (पाण्यात उभं ताणलेलं जाळं) आणि लाँगलाइन (गळ लावलेली लांब दोरी) यांचा वापर, या तीन गोष्टी जिथे एकत्र आल्या तिथली अवस्था सगळ्यात वाईट.

अवांतर: बऱ्याच ठिकाणच्या नोंदींत 'शार्क, पाकट इत्यादी' असा एकच रकाना असतो. बाजारात आलेला मासा तुकडे करून आलेला असतो, डोकं आणि पर (पोहायचे पंख) नसतात, मग नोंदणाऱ्याने जात लिहायची कशी? एखादी जात संपत आली आणि तिची जागा दुसरीने घेतली, तरी रकान्यातला आकडा तोच राहतो. ऱ्हास होतोय हे कागदावर दिसतच नाही.

तांडेलाचा_नातू

आमच्या घरात तीन पिढ्या जाळ्यावर जगल्या, मी चौथा. मी शिकून बाहेर पडलो, पण सुट्टीत अजून जातो. दोन गोष्टी सांगतो, रागावू नका.

एक, 'बायकॅच' हा शब्द आमच्यासाठी नाही. मोठ्या जहाजावर नको असलेला मासा फेकून देतात, म्हणून त्यांना असा शब्द लागतो. आमच्याकडे जाळ्यात आलेलं काहीच नको असलेलं नसतं. जाळं दुसऱ्याच मासळीसाठी टाकलं आणि मुशी आली, तर मुशी विकतो. पाकट आला, पाकट विकतो. त्यामुळे "मुद्दाम पकडलं की चुकून" हा प्रश्न आम्हाला विचारला की आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

दुसरी, आजोबांची जाळी सुताची होती. ती कुजायची, रोज वाळत घालावी लागायची, पाण्यात दिसायची. नंतर नायलॉन आलं. ते कुजत नाही, दिसत नाही, रात्रभर पाण्यात ठेवा, चार पट लांब लावा. होडी तीच, माणसं तेवढीच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पारंपरिक चाललंय. परंपरा सुताबरोबरच गेली.

सागरगोटा

हे सोन्यासारखं लिहिलंत.

इंडोनेशियातल्या लामाकेरा गावाची गोष्ट याच वळणाची आहे. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या मांटा आणि त्यांच्या भावंडांची शिकार करत आले. बांबूच्या टोकाला भाला, आणि शिकारी होडीच्या नाळेवरून त्यासह थेट माशाच्या पाठीवर उडी मारणार. हातवल्ह्यांच्या आणि शिडाच्या होडीने जाता येईल तेवढंच अंतर, म्हणून शिकारही तेवढीच. मग इंजिनं आली आणि मांटाच्या कल्ल्यांच्या पट्ट्यांना चिनी औषधबाजारात भाव आला. भाला तोच राहिला, उडी तीच राहिली, पकड मात्र अनेक पटींनी वाढली. मांटाच्या मादीला एका वेळी साधारण एकच पिल्लू होतं, तेही दोन-तीन वर्षांतून एकदा. इंडोनेशियाने २०१४मध्ये देशभर मांटाला संरक्षण दिलं.

पाणकोंबडी

मी काही वर्षं मासळी उतरते त्या जागी मोजमाप करायचं काम केलंय (जागा सांगत नाही, महत्त्वाचीही नाही). आकड्यांपेक्षा एक चित्र डोक्यात राहिलंय, ते सांगते.

पहाटे टोपल्यांत लहान मुशा येतात, हातभर लांबीच्या. मोजपट्टी लावायच्या आधी मी त्यांना उलटं करायची. पोटाच्या बाजूला, छातीच्या दोन परांच्या मधोमध एक चीर असते, बेंबीची. शार्कला बेंबी असते हे मलाही कामावर गेल्यावरच कळलं. पिल्लू मोठं झालं की ती बुजते, नुसती रेघ राहते. पण त्या टोपल्यांतल्या कितीतरी मुशांची चीर उघडी असायची, बोट लावलं तर ओलसर. म्हणजे काही दिवसांपूर्वी जन्मलेली. एकेका टोपलीत तीस-चाळीस.

यात विक्रेत्याचा दोष नव्हता आणि होडीवाल्यालाही कल्पना नव्हती. त्याला वाटायचं ही 'लहान जातीची मुशी' आहे. ती मोठ्या जातीची बाळं होती. अनेक जातींच्या माद्या विण्यासाठी उथळ, गढूळ, खाडीजवळच्या पाण्यात येतात, कारण तिथे मोठे शार्क कमी आणि खाणं भरपूर. आणि छोट्या होडीला जाता येतं तेही तेवढंच पाणी. दोघांची गाठ पडणारच.

दुसरं चित्र याहून वाईट. गाभण पाकट जाळ्यातून वर आली की ताणाने तिथेच पिल्लं टाकते. फळीवर सगळा चिकट द्रव, आणि त्यात गुंडाळलेली, शेपटी अंगाभोवती घेतलेली चार-पाच चपटी बाळं. होडीवाले चांगल्या मनाने ती पाण्यात सोडून देतात आणि म्हणतात, "वाचली बघा." बहुतेक अपुऱ्या दिवसांची असतात. असा ताणाने होणारा गर्भपात ऐंशीहून जास्त जातींमध्ये नोंदला गेलाय. मात्र तो पकडीच्या आकड्यात कुठेच धरला जात नाही.

अर्धवटराव

शार्कला बेंबी!! आज झोप नाही.

पण मला एक बेसिक शंका. मासे लाखो अंडी घालतात ना? मग थोडी पिल्लं गेली तर काय फरक पडतो?

पाणकोंबडी

@अर्धवटराव, लाखो अंडी हाडांच्या माशांची. कॉडची मोठी मादी एका हंगामात लाखोंनी अंडी सोडते. शार्क-पाकटांचा सांगाडा कुर्चेचा, आणि त्यांचं घर माशांपेक्षा माणसांसारखं चालतं: उशिरा वयात येणं, मोजकी पिल्लं, लांबलचक गर्भारपण. काटेरी डॉगफिशचं गर्भारपण जवळजवळ दोन वर्षांचं असतं, हत्तिणीइतकं.

गणिती

मला उलट बाजूने एक मुद्दा मांडायचाय. पिल्लं मारणं दिसायला भयंकर आहे, पण तेच सगळ्यात घातक आहे असं हिशेब सांगत नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियात डस्की शार्कची गिलनेट मासेमारी होती. ती जवळजवळ फक्त पहिल्या तीनेक वर्षांच्या पिल्लांवर चालायची, कारण जाळ्याचा आस (भोकांचा आकार) तेवढ्यांनाच धरायचा. त्याहून मोठे शार्क जाळ्याला टक्कर देऊन निघून जात. ही व्यवस्था टिकू शकते, असंच अभ्यासक म्हणत होते. अट एकच: त्यातून सुटलेल्यांना पुढे कुणी हात लावता कामा नये. डस्कीला वयात यायला वीसेक वर्षं लागतात. नंतर लक्षात आलं की मोठे शार्कही दुसरीकडे, दुसऱ्या साधनांवर, थोडे थोडे मरत होते. तो थोडासा आकडाच भारी पडला.

कारण समजायला एक कागदी उदाहरण घ्या. नैसर्गिक मृत्यू बाजूला ठेवा. १०० पिल्लं.
पहिल्याच वर्षी ४० काढली आणि नंतर कुणाला हात लावला नाही: वयात येईपर्यंत उरली ६०.
पहिल्या वर्षी फक्त १०, पण मग दर वर्षी उरलेल्यांतली १० टक्के, असं दहा वर्षं: उरली ३५.

१० टक्के कुणालाच जास्त वाटत नाही. एका होडीला तर १० टक्के म्हणजे काहीच नाही. पण मासा तिथे दहा वर्षं राहतोय आणि जाळं रोज आहे.

सागरगोटा

@गणिती, याने माझ्या प्रश्नाची मांडणीच बदलली. मी आतापर्यंत होडीच्या बाजूने मोजत होतो: एक होडी किती मारते. मोजायला हवं माशाच्या बाजूने: एका मुशीला जन्मापासून वयात येईपर्यंत किती साधनांमधून जावं लागतं. खाडीत बारीक आसाचं जाळं, बाहेर आलं की मोठ्या आसाचं गिलनेट, त्याच्या पुढे गळ. प्रत्येक मालक वेगळा, प्रत्येकाची पकड थोडी. मिळून मात्र शिडीच्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी उभाच आहे.

आणि मोठं जहाज या शिडीची फक्त वरची पायरी आहे. @खवचट, म्हणजे तेही सुटत नाहीच.

खवचट

चला, तेवढं तरी.

तरी मला एक जात दाखवा जी निव्वळ लहान मासेमारीने संपवलीय. 'दबाव', 'धोका', 'ऱ्हास' हे शब्द नकोत.

विदाप्रेमी

अख्खी जात निव्वळ एकाच कारणाने संपली असं सिद्ध करणं कठीण. पण दोन उदाहरणं घ्या.

निकाराग्वा सरोवरातला करवतमासा. हा पाकटांच्याच कुळातला, नाकाची दातेरी करवत झालेला. १९७०च्या दशकात तिथे प्रक्रिया कारखाना निघाला आणि त्याला माल पुरवायला लहान होड्या गिलनेटं घेऊन उतरल्या. सरोवर म्हणजे मासे मोठ्या प्रमाणात बाहेरून भरून येण्याची सोय नाही. दशक संपता संपता करवतमासे दिसेनासे झाले. सरकारने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बंदी घातली, पण ते पूर्वीसारखे परतले नाहीत. करवत ही या माशाची शोकांतिका आहे. कुठल्याही आसाच्या जाळ्यात दाते अडकतात, आणि सोडवायला जावं तर माणसाचा हात फाटतो, म्हणून होडीवाले आधी करवत तोडतात.

दुसरं, जावा स्टिंगरी. जेवणाच्या ताटाएवढं लहानसं पाकट. विज्ञानाला त्याचा एकच नमुना माहीत आहे, १८६२मध्ये आजच्या जकार्ताच्या मासळीबाजारातून घेतलेला. पुढे कित्येक वर्षं शोध घेऊन एकही सापडलं नाही. २०२३मध्ये ते नामशेष जाहीर झालं. माणसाच्या कृत्याने नामशेष झालेला पहिला सागरी मासा म्हणून त्याची नोंद आहे. किनाऱ्यावरची बेसुमार मासेमारी आणि अधिवासाची नासाडी, ही कारणं दिली जातात.

लांज जातीच्या, म्हणजे गिटारफिश-वेजफिशसारख्या माशांचंही तेच चाललंय. वेजफिश आणि जायंट गिटारफिश मिळून १६ जातींचं मूल्यमापन झालं, त्यातल्या १५ 'अतिसंकटग्रस्त'. किनाऱ्यालगतच्या मऊ तळावर राहतात आणि त्यांचे पर सगळ्यात महाग. असा दुहेरी दुर्दैवाचा मासा विरळा.

तांडेलाचा_नातू

मग उपाय काय? बंदी? बंदीचं मी बघितलंय. बंदी आली की मासा मरायचा थांबत नाही, बंदरावर दिसायचा थांबतो. जाळ्यात मेलेला आलाच तर तो आम्ही पाण्यात फेकायचा आणि रिकाम्या हाताने घरी जायचं, हे कोण करणार? करवतीचा मासा रात्रीत तुकडे होऊन जातो. वरून @विदाप्रेमींचा रकाना आणखी रिकामा.

पाणकोंबडी

बंदीचं यश जात बघून ठरतं असा माझा अनुभव आहे. नर्स शार्क तळावर पडून तोंडाने पाणी आत खेचून श्वास घेतो. पाकटं डोळ्यामागच्या छिद्रांतून घेतात. ही मंडळी जाळ्यात काही तास टिकतात. सोडली तर बऱ्याचदा जगतात, तिथे "सोडून द्या" म्हणण्यात अर्थ आहे. हातोडीमासा (हॅमरहेड शार्क) मात्र पोहत राहिला तरच कल्ल्यांवरून पाणी वाहणार. जाळ्यात अडकला की थोड्या वेळात संपला. जाळं ओढताना तो आधीच मेलेला असतो. त्याला "सोडा" हा नियम म्हणजे प्रेताला जामीन. त्याच्यासाठी जाळं तिथे नसणं हाच उपाय: विण्याच्या दिवसांत विण्याची जागा बंद.

आणि जाळं काढलं की फरक पडतो. कॅलिफोर्नियाने १९९४पासून किनाऱ्यालगतच्या पाण्यात गिलनेट बंद केलं, त्यानंतर लेपर्ड शार्क, सूपफिन शार्क तिथे पुन्हा वाढताना दिसले. फ्लोरिडाने १९९५मध्ये आपल्या हद्दीत अडकवणारी जाळी बंद केली. तिथे छोट्या दातांचा करवतमासा टिकून राहायला त्याचा मोठा हातभार लागला.

तांडेलाचा_नातू

आणि त्या जाळीवाल्यांचं काय झालं, ते कुठल्या अभ्यासात आहे?

पाणकोंबडी

प्रश्न रास्त आहे. अनेकांचा धंदा बसला. माशांचे आलेख मी जितक्या सहज सांगितले तितक्या सहज मला ते सांगता येत नाही, हे कबूल.

गणिती

मधला मार्ग शोधणारे दोन प्रयोग.

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात लहान होड्यांच्या गिलनेटवर हिरवे एलईडी दिवे लावून पाहिले (२०२२). शार्क-पाकटांची पकड ९५ टक्क्यांनी घटली, हव्या असलेल्या मासळीच्या पकडीत आणि किमतीत लक्षणीय फरक नाही. वर जाळं ओढून साफ करायचा वेळही निम्म्याहून जास्त वाचला. होडीवाल्यांना तोच मुद्दा सगळ्यात भावला असणार.

दुसरा इंडोनेशियातला: हातोडीमासा किंवा वेजफिश जिवंत सोडल्याचा व्हिडिओ दाखवा, पैसे घ्या. लोकांनी सोडलेही. पण तुलनेसाठी दुसरा गट ठेवला होता म्हणून एक गोष्ट उघडी पडली. काही होड्या पैशासाठी हे मासे जास्तच पकडायला लागल्या. वेजफिशचे मृत्यू थोडे कमी झाले, हातोडीमाशांचे उलट वाढले. @पाणकोंबडींनी वर सांगितलेलंच कारण: तो वर येईतो मेलेला असतो.

अर्धवटराव

म्हणजे सोडायचे पैसे मिळावेत म्हणून आधी पकडायचं. मनुष्यप्राणी महान आहे. 🙏

तांडेलाचा_नातू

हसू नका, मीही तेच केलं असतं.

दिव्यांचं मात्र पटलं. गुरफटलेली पाकट सोडवायची म्हणजे काटा सांभाळत, अंधारात, हलत्या होडीत अर्धा तास जातो, आणि जाळं फाटतं ते वेगळंच. मुशी वाचते म्हणून कुणी दिवा लावणार नाही, जाळं वाचतं म्हणून लावेल. बॅटरी किती रात्री टिकते आणि खाऱ्या पाण्यात तिचं झाकण किती दिवस धरतं, ते कुणी सांगेल का?

गणिती

सौर दिव्यांची आवृत्तीही निघालीय, दिवसा चार्ज होऊन रात्री जळणारी, बॅटरी बदलायला न लागणारी. झाकणाचं वाचून सांगतो.